पितळ उघडं पडतं तेव्हा

परवा रात्री पुण्याच्या एका मित्राशी व्हिडिओवर गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "मागे टेबलावर काय मांडलंयस रे? भातुकली?"

"वेप आहेत. जुने. पॉलिश करतोय."

दोन सेकंद शांतता. मला वाटलं नेट गेलं.

"तू वेप ओढतोस?"

"ओढायचो. दोन वर्षं झाली सोडून."

"मग पॉलिश कशाला करतोस?"

"छंद आहे."

"लग्न कर," तो म्हणाला आणि विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला. माझ्या डोक्यात तो तीन दिवस फिरत राहिला, आणि हापिसात एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये लक्षात आलं की मला भांडायचंय. या मित्राशी तर भांडायचंयच, पण त्याहून जास्त माझ्याच छंदातल्या लोकांशी, आणि थोडंसं स्वतःशीही. तर हा विकांत त्यासाठी. ज्यांना धुराचा विषय नको असेल त्यांनी सरळ पुढे जावं, राग नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा चहाबरोबर टपरीवर सिगरेट सुरू झाली. तिथे सगळ्यांचीच होते, हे काही समर्थन नाही. २०२१ मध्ये कंपनीने इंग्लंडात लीड्सला पाठवलं. इथे पाकिटाची किंमत ऐकून पोटात गोळा आला. टीममधल्या एका सहकाऱ्याने त्याचा जुना वेप दिला आणि म्हणाला, आधी हे ओढ, मग हेही सोड. इथली सरकारी आरोग्यसेवासुद्धा सिगरेट ओढणाऱ्यांना साधारण हेच सांगते: सिगरेटपेक्षा कमी घातक, पण निरुपद्रवी अजिबात नाही, आणि जे ओढतच नाहीत त्यांनी आणि मुलांनी याच्या वाटेला जाऊ नये. मला दीड-दोन वर्षं लागली. २०२३ च्या शेवटी निकोटीन सुटलं, आणि हातात उरलं ते उपकरण. पितळेचं, काळवंडलेलं, एका बाजूला चांगलंच खरवडलेलं.

ज्यांनी ही वस्तू कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये आजच्या ई-सिगरेटचा पूर्वज बनवला. सुरुवातीच्या ई-सिगरेटी सिगरेटसारख्याच दिसायच्या, आणि त्यांच्यातली चिमुकली बॅटरी तासाभरात मान टाकायची. मग खटपट्या लोकांनी टॉर्चच्या नळीत मोठा सेल घालून स्वतःच काहीतरी जोडायला सुरुवात केली. हे 'मॉडिफिकेशन' म्हणून त्याचं नाव 'मॉड'. सगळ्यात साधं मॉड म्हणजे पितळेची, तांब्याची किंवा स्टीलची नळी, आत एक सेल, खाली दाबायचं बटण, वर आट्यांवर बसणारी टाकी. सर्किट नाही, चिप नाही. सेलचं नाव १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नळीचे सगळे भाग हाताने फिरवून सुटे होतात. आमच्या आजीची फिरकीची डबी जशी सुटायची तसेच.

ही जुनी मॉडं इथे रविवारच्या कार बूट सेलमध्ये मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजाराचा गोरा चुलतभाऊच तो. लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ मांडतात: कपबश्या, ड्रिल मशीन, नातवंडांची खेळणी, आणि मधेच एखाद्या बिस्किटाच्या डब्यात दोन-तीन काळे ठिक्कर मॉड. तीन पौंड, पाच पौंड. सकाळी साडेसातला पोचावं लागतं आणि पाऊस असतोच.

पितळ साफ करायला इथली मंडळी नळ्यांमधून मिळणाऱ्या महागड्या पेस्टी वापरतात. मी पहिल्यांदा चिंच वापरली. आईने देवाची भांडी आयुष्यभर चिंचेने आणि पितांबरीने घासली, तेव्हा यात संशोधन करण्यासारखं काही नव्हतं. चिंचेतलं आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं आणि खालचं पिवळं निघतं. पण हाव धरून आम्लात रात्रभर भिजत ठेवलं, तर पितळेतलं जस्त पृष्ठभागावरून आधी निघून जातं आणि नळी गुलाबी दिसायला लागते. वर तांबंच उरतं ना! हा शोध मी एका चांगल्या नळीचा बळी देऊन लावला. ॲल्युमिनियमच्या मॉडांची तऱ्हा वेगळी. त्यांचा रंग हा रंग नसतोच, ॲनोडायझिंगचा अगदी पातळ थर असतो. ओरखडा त्याच्या आरपार गेला असेल तर घासून तो 'काढता' येत नाही, फक्त मोठा करता येतो. मग सगळाच थर कॉस्टिक सोड्याने उतरवायचा. तो हातमोजे घालून, घराबाहेर, कारण सोडा ॲल्युमिनियमवर पडला की हायड्रोजन सुटतो. घरमालकिणीला यातलं काही माहीत नाही.

आता भांडणाकडे.

या छंदातल्या दहापैकी नऊ लोकांचं ध्येय एकच असतं: आरसा. ४०० चा वॉटर पेपर, मग ८००, १२००, २०००, मग पॉलिशचं चाक, आणि शेवटी त्या नळीत स्वतःचं तोंड दिसतं तो फोटो. आधीचा फोटो डावीकडे, नंतरचा उजवीकडे. मीही हेच करत होतो, आणि अभिमानाने.

गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याकडून एक पितळी मॉड घेतलं. चाळीस वर्षं सिगरेट ओढली, याच्यावर सोडली, म्हणाला. मॉड जाडजूड होतं, नळीवर बारीक नक्षी कोरलेली, आणि एका जागी नक्षी पार गुळगुळीत झालेली. धरून बघितलं तर माझा अंगठा बरोबर तिथे बसला. वर्षानुवर्षं त्याचा अंगठा तिथेच टेकत असणार. बाकी सगळीकडे पडल्याझडल्याच्या खुणा. मी घरी आणून दोन विकांत घालवले. नक्षीची उरलेली टोकं झिजलेल्या जागेशी जुळत नव्हती, म्हणून सगळी नळीच उतरवून सपाट केली. आरसा झाला. महिन्याने तो म्हातारा परत त्याच बाजारात दिसला. मी मुद्दाम खिशात घेऊन गेलो होतो, दाखवलं. त्याने बघितलं. "छान. नवीन वाटतंय," म्हणाला. हातात मात्र घेतलं नाही, आणि डिकीतल्या कपबश्या सारख्या करायला लागला.

मला घरी येईपर्यंत कळलं नाही की मला नेमकं काय खटकतंय. मग कळलं. वॉटर पेपर मारून मी त्याचा अंगठा पुसून टाकला होता. आणि गंमत म्हणजे, त्या दोन विकांतांत मी बटणाच्या आतली स्प्रिंग तपासलीच नव्हती. ती मऊ पडली होती आणि बटण मधेच अडकत होतं. म्हणजे वस्तू दिसायला नवी, वागायला धोकादायक. आपल्याकडे एखाद्या जुन्या प्रॉडक्टला नवा चकचकीत फ्रंटएंड चढवतात आणि मागे तेच पंधरा वर्षांपूर्वीचं रडणारं डेटाबेस राहतं, तसंच हे. रोज हापिसात ज्याच्यावर बोटं मोडतो ते मी घरी हौसेने केलं.

धोकादायक हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. सर्किट नसलेल्या मॉडमध्ये तुम्ही आणि बॅटरी यांच्यामध्ये फक्त ओहमचा नियम उभा असतो. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा. वरची कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपियर वाहतात, ठीक आहे. ०.१५ ची लावलीत तर २८, आणि बऱ्याच चांगल्या सेलांचीही तेवढं सतत द्यायची तयारी नसते. ०.१५ आणि ०.५ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यात १८६५० ची मेख अशी की त्याचं सगळं बाहेरचं अंग, वरच्या टोपीची मधली टिकली सोडून, ऋण टोक असतं. त्याला झाकून ठेवतं ते एक पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण आणि वरच्या टोकाला कागदाची चकती. ते वेष्टण फाटलं आणि उघडा भाग चुकीच्या जागी धातूच्या नळीला टेकला, की शॉर्ट. नळीला म्हणून वायू बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात. आणि आमचे आरसेवाले काय करतात? पॉलिशच्या पेस्टने तीच भोकं बुजवतात! २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्ससमध्ये वेप फुटून एकेक माणूस गेलाय.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. ज्या ओरखड्याला जपायचं तो नळीवरचा. ज्याला घाबरायचं तो बॅटरीच्या वेष्टणावरचा. छंद म्हणून जो काही वेळ आहे तो आधी दुसऱ्यावर घालवा. नवं वेष्टण काही पेन्सांना मिळतं, हेअर ड्रायरच्या गरम हवेने आक्रसून बसतं, आणि त्याचा फोटो कुणीही लाईक करत नाही. (मी टाकून पाहिलाय.)

माझा मित्र मात्र म्हणेल की एवढं कशाला, टाकून दे आणि नवं घे. तर त्याच्यासाठी पुढचं.

२०२१ च्या सुमाराला इथे रंगीबेरंगी डिस्पोजेबल वेपांची लाट आली. पेनाएवढी कांडी, आंब्याचा-कलिंगडाचा वास, ओढायची आणि फेकायची. २०२३ मध्ये मटेरियल फोकस या संस्थेने अंदाज काढला की ब्रिटनमध्ये आठवड्याला जवळजवळ ५० लाख कांड्या फेकल्या जातात. म्हणजे सेकंदाला आठ. हे वाक्य वाचेपर्यंत वीस-पंचवीस गेल्या असत्या. मी फुटपाथवरून एक उचलून उघडली. उघडली म्हणजे फोडली, कारण स्क्रू नावाला नाही, सगळं दाबून बसवलेलं. आत छोटासा लिथियम-आयन सेल. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या जातीचाच, फक्त चार्ज करायला जागाच दिलेली नाही! त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी असे सेल काढून तपासले, तर ते शेकडो वेळा चार्ज होऊ शकतात असं निघालं. एकदा वापरून फेकायला शेकडो वेळचा सेल. आमच्या इंजिनिअरिंगच्या सरांनी असं डिझाईन आणलेल्या पोराला वर्गाबाहेर काढलं असतं.

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये या डिस्पोजेबल वेपांवर बंदी आली. मी त्या दिवशी खूश होतो. मग दुकानात गेलो. तीच कांडी, तोच रंग, जवळपास तीच किंमत, फक्त खाली चार्जिंगचं भोक आणि वर बदलता येणारी टाकी. कायद्याने मागितलं होतं ते सगळं तिच्यात आहे: चार्ज होते, पुन्हा भरता येते, कॉइल बदलता येते. पण आतला सेल थकला तर? बटण बिघडलं तर? अजूनही फोडावीच लागते. किंमत इतकी कमी की चार्ज करण्यापेक्षा दुसरी घेणं सोपं, आणि लोक तेच करतात. कायद्याने भोक मागितलं, त्यांनी भोक पाडून दिलं. स्क्रू कुणी मागितलाच नव्हता.

आणि मित्रा, हसू नकोस. तुझ्या कानात त्या कॉलवर ज्या पांढऱ्या कुड्या होत्या ना, त्यांचा सेल गेला की तूही त्या फेकणार आहेस, कारण त्याही डिंकाने चिकटवलेल्या आहेत. लहानपणी आपल्या घरी मिक्सर बिघडला की बाबा तो पिशवीत घालून तपकीर गल्लीत घेऊन जायचे आणि तिथला माणूस आपल्यासमोर चार स्क्रू काढून सांगायचा, कार्बन गेलाय, अर्ध्या तासाने या. कल्हईवाला दारात बसून भांडी नवी करून द्यायचा, पोचे मात्र तसेच राहायचे. त्या पोच्यांवरून आई ओळखायची की पातेलं आपलंच परत आलंय. आपण दोघंही त्याच घरांतून आलो. मग महिन्याला लाखभर मिळायला लागल्यावर दुरुस्ती ही गरिबीची खूण कधी झाली?

आता खरी अडचण, आणि ती मी टाळणार नाही. बहिणीने विचारलं, "व्यसनाची वस्तू आहे ती. तिला एवढी सुंदर कशाला करायची?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं कपाट आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत तासभर तिथेच उभा होतो. पितळेचे, घोड्याचे, पोपटाचे, एकाहून एक. सुपारी कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. म्हणून ते अडकित्ते कुणी वितळवायला सांगितलेले नाहीत. पानदान, चंची, तपकिरीची डबी, हुक्का: आपल्या आजोबा-पणजोबांच्या व्यसनांनी निदान वस्तू तरी मागे ठेवल्या. आमच्या पिढीचं व्यसन गुटख्याची पुडी मागे ठेवतं, नाहीतर कलिंगडाच्या वासाची कांडी.

बहिणीला हे पटलं नाही. "संग्रहालयातला अडकित्ता बघून कुणी सुपारी खायला लागत नाही. तुझं ते चकचकीत बघून सोळा वर्षांच्या पोराला वाटू शकतं की भारी आहे." मुद्दा बरोबर आहे. त्या दिवसापासून मी पूर्ण झालेल्या मॉडांचे फोटो टाकणं बंद केलं, आणि कुणी 'ओढून पाहू का' म्हणालं आणि ते सिगरेट ओढणारं नसेल, तर नाही म्हणतो. यापलीकडे माझी बाजू भक्कम आहे असा दावा नाही.

हे सगळं आत्ता का सुचतंय, तर पुढच्या महिन्यात मी पुण्याला परत येतोय. कायमचा. आणि टेबलावरच्या अकरा मॉडांपैकी एकही बरोबर येऊ शकत नाही. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा: ई-सिगरेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळ्याला बंदी. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या हाती ही गोष्ट पडू नये हा हेतू मला शंभर टक्के मान्य आहे. टपरीवर सिगरेट सुट्टी मिळते आणि ही नाही, यावर मी वेगळं भांडू शकतो, पण कायदा तो कायदा. ज्या दोन मित्रांनी 'येताना चार घेऊन ये' असा निरोप पाठवलाय त्यांना हेच उत्तर समजावं.

मला वाटलं होतं की निदान ती सपाट केलेली पितळी नळी नेता येईल. सेल नाही, टाकी नाही, नुसता पितळेचा तुकडा, उदबत्त्या ठेवायला. मग कायदा नीट वाचला. पूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग, असं त्यात लिहिलंय. कस्टमच्या माणसासमोर पहाटे चारला उदबत्तीचा युक्तिवाद करायची माझी हिंमत नाही.

तेव्हा आवराआवर चाललीय. जुने सेल सगळे काढले, टोकांना चिकटपट्टी लावली आणि जिथे वेप विकतात त्या दुकानात देऊन आलो. विकणाऱ्याने जुनं परत घ्यायचं, असा इथे नियम आहे. दुकानातल्या पोराला तो ठाऊक नव्हता, मॅनेजरला बोलवावं लागलं. सात मॉडं सिगरेट सोडायच्या खटपटीत असलेल्या ओळखीच्या लोकांकडे गेली, नव्या वेष्टणाच्या सेलांसकट, आणि प्रत्येकाला बटण सोडवून परत बसवायला शिकवूनच दिली. तीन बिघडलेली होती, ती धातूच्या भंगारात.

अकरावी ती म्हाताऱ्याची नळी. स्प्रिंग बदलली, भोकं सुईने मोकळी केली. गेले चार महिने तिला चिंच लावलेली नाही, तर परत थोडी तपकिरी झालीय, माझ्या बोटांचे डाग पडलेत. रविवारी पाऊस सांगितलाय, पण बाजार असतो. साडेसातला जाऊन बघतो. तो आला असेल तर परत देईन, पैसे घेणार नाही. नक्षी तर काही परत येत नाही.